दारू, भीड आणि आत्मविश्वास: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणारे गृहस्थ तिशीचे आहेत आणि पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतात. चारचौघांत तोंड उघडायचे म्हटले की त्यांचा घसा कोरडा पडतो, छाती धडधडते आणि ऐन वेळी शब्द सापडत नाहीत. कंपनीच्या पार्टीत पहिला अर्धा तास ते भिंतीशी उभे राहून मोबाइलमध्ये डोके घालतात. दोन पेग पोटात गेले की मात्र तेच गृहस्थ वरिष्ठांशी गप्पा मारतात, गाणे म्हणतात, प्रसंगी नाचतातही. त्यांनी विचारले आहे की दारूने आत्मविश्वास खरोखर वाढतो का, प्यायल्यावर बाहेर येणारा मोकळा माणूस हाच आपला खरा स्वभाव आहे का, आणि हे असेच चालू राहिले तर काळजी करण्यासारखे काही आहे का.

दारूने भीती काही काळ खरोखर कमी होते. तो तुमचा भास नाही. आत्मविश्वास मात्र त्यामुळे वाढत नाही, कारण भीती वाटत असतानाही आपल्याला जमते हा भरवसा अनुभवातूनच येतो आणि नेमका तो अनुभव दारू तुमच्या पदरी पडू देत नाही. काळजीचे कारण आहे, आणि ते यकृताच्या आजाराच्या कितीतरी आधी सुरू होते. व्यसन आणि चिंताविकार या दोन्हींचे रुग्ण पाहणारा मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मला या शेवटच्या मुद्द्याविषयी सर्वांत अधिक बोलायचे आहे. लाजाळू माणसाचे पिणे घरच्यांना खटकत नाही, मित्रांना तर ते आवडते, आणि म्हणूनच त्याला मदत मिळायला फार उशीर होतो.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. मेंदूतील चेतापेशींना शांत ठेवण्याचे काम प्रामुख्याने गाबा हे रसायन करते आणि त्यांना चेतवण्याचे काम ग्लुटामेट करते. मद्यार्क गाबाचा परिणाम वाढवतो आणि ग्लुटामेटचा कमी करतो. त्याच वेळी डोपामिन आणि शरीरातच तयार होणारी अफूसदृश द्रव्ये स्रवतात, म्हणून अंग सैल पडते आणि मन हलके होते. कपाळामागचा जो भाग बोलण्याआधी शब्द तोलतो, परिणामांचा अंदाज घेतो आणि नको ते बोलणे आवरून धरतो, त्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा अंमल थोड्या दारूनेही सैल होऊ लागतो. धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डला या भागाविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय मद्यसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अधूनमधून पिणाऱ्या १२ निरोगी व्यक्तींना शिरेतून मद्यार्क देऊन, मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना घाबरलेले आणि निर्विकार असे दोन प्रकारचे चेहरे दाखवण्यात आले. मद्यार्क दिलेला नसताना मेंदू घाबरलेल्या चेहऱ्यांना अधिक तीव्र प्रतिसाद देत होता. मद्यार्क दिल्यावर दोन्ही चेहऱ्यांमधला हा फरक जवळजवळ मावळला. पार्टीतल्या पन्नास चेहऱ्यांपैकी एखाद्याच्या कपाळावरची आठी तुम्हाला एरवी दिवसभर पुरते. दोन पेगनंतर ती आठी मेंदूपर्यंत पोचते, पण तिथे तिची फारशी दखल घेतली जात नाही.

प्रमाणाविषयीही बोलले पाहिजे, कारण 'दोन पेग' या शब्दांत बरेच काही लपते. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो आणि ६० च्या मोठ्या पेगमध्ये त्याच्या दुप्पट. स्ट्राँग बिअरमध्ये हे प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत असू शकते आणि ६५० मिलिलिटरच्या अशा एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, अर्थात चार लहान पेगइतका मद्यार्क भरतो. 'मी फक्त बिअर घेतो' हे वाक्य माझ्या खोलीत फार निश्चिंतपणे उच्चारले जाते, म्हणून हा हिशेब मी प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवतो. यकृत तासाला साधारण एका लहान पेगइतकाच मद्यार्क निकाली काढू शकते. त्याहून वेगाने प्यायलेला सगळा रक्तात साचत जातो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातली पातळी अधिक चढते.

रसायनांनी मात्र सगळे उलगडत नाही. तीच दारू एकाला हसवते, दुसऱ्याला रडवते आणि तिसऱ्याला भांडायला लावते, हे फक्त गाबा आणि ग्लुटामेट यांच्या भाषेत सांगता येत नाही. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली यासाठी जी मांडणी केली, तिचा मला रुग्णांशी बोलताना सर्वाधिक उपयोग होतो. त्यांच्या मते दारूने लक्षाची कक्षा आखूड होते. जे समोर आहे, जवळ आहे, ठळक आहे तेवढेच दिसते. जे दूरचे आहे, उद्याचे आहे, आडून सुचवलेले आहे ते कक्षेबाहेर जाते. सामाजिक भीती जवळजवळ सगळीच या दूरच्या गोष्टींवर पोसलेली असते. आपण काय बोललो याचा उद्या काय अर्थ काढला जाईल, साहेबांना आपले इंग्रजी कसे वाटले असेल, मघाशी ते दोघे आपल्याकडे पाहून हसले का, अशा शंकांना पुरेल एवढे लक्षच उरले नाही की समोरचा माणूस, हातातला ग्लास, चकण्याची बशी आणि वाजणारे गाणे एवढाच काय तो प्रसंग शिल्लक राहतो. तुम्हाला जे धाडस वाटते ते पुष्कळ अंशी या आखूड झालेल्या नजरेचे रूप आहे.

या दोघांनी १९८८ साली केलेला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. काही मंडळींना सांगण्यात आले की थोड्याच वेळात त्यांना स्वतःच्या रूपातले काय आवडत नाही याविषयी भाषण करायचे आहे. प्यायलेल्यांपैकी ज्यांना मधल्या वेळात चित्रे पाहून त्यांना गुण देण्याचे काम दिले, त्यांची धास्ती चांगलीच कमी झाली. ज्यांना काहीही न करता नुसते बसवून ठेवले, त्यांना मात्र दारूने दिलासा मिळाला नाही. ही भीती एकट्या दारूने उतरली नव्हती. दारू आणि मन गुंतवणारे काहीतरी काम यांच्या जोडीने ती उतरली. मित्रांच्या मैफलीत खुलणारा माणूस घरी एकटाच बसून तेवढीच दारू घेतो तेव्हा त्याची काळजी कमी न होता गडद होते, ती याच कारणाने. त्या रिकाम्या खोलीत सर्वांत ठळक असते ती त्याची काळजीच.

तिसरा घटक आहे तो समजुतीचा, आणि तो किती मोठा आहे याची बहुतेकांना कल्पना नसते. थंडगार टॉनिक वॉटरमध्ये वोडका आहे की नाही हे चवीवरून ओळखणे अवघड असते. याचा उपयोग करून अ‍ॅलन मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली चार गट केले: दारू मिळेल असे सांगून दारू दिलेले, दारू सांगून नुसते टॉनिक दिलेले, टॉनिक सांगून दारू दिलेले आणि टॉनिक सांगून टॉनिकच दिलेले. कोण किती पितो हे पेल्यात प्रत्यक्ष काय आहे यापेक्षा पिणाऱ्याला काय वाटते आहे यावर ठरले, आणि हे व्यसनाधीन व्यक्तींच्या बाबतीतही खरे निघाले. पुढे हीच रचना वापरून अनेक प्रयोग झाले. त्यांतला फ्रान्समधील लोरां बेग आणि सहकाऱ्यांचा २०१३ सालचा प्रयोग तुमच्या पहिल्या प्रश्नाला थेट भिडतो. त्यात पुरुषांना कॅमेऱ्यासमोर जाहिरातीसारखे छोटे भाषण करायला सांगून नंतर स्वतःलाच गुण द्यायला सांगितले. आपण दारू प्यायलो आहोत अशी ज्यांची समजूत होती, त्यांनी स्वतःला अधिक आकर्षक, अधिक हुशार आणि अधिक विनोदी ठरवले, मग पेल्यात दारू असो वा नसो. ती चित्रफीत पाहणाऱ्या त्रयस्थ परीक्षकांना मात्र त्यांच्या सादरीकरणात असे काही अधिक आढळले नाही.

प्यायल्यावर कसे वागायचे हे आपण समाजाकडून शिकतो, असे क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ साली जगभरच्या समाजांच्या नोंदी तपासून दाखवून दिले. काही समाजांत माणसे पिऊन हाणामारी करतात, काहींत शांत बसून राहतात, आणि एकाच समाजात प्रसंग बदलला की पिणाऱ्याचे वागणेही बदलते. हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. वरातीत बँडसमोर बेभान नाचणारा तरुण मोठे काका समोर येताच बाजूला होतो. घरी बायकोवर ओरडणारा माणूस रस्त्यात पोलीस दिसला की आवाज खाली आणतो. आवर घालणारी यंत्रणा पूर्ण बंद पडली असती तर तिला माणसे निवडता आली नसती. आपला समाज प्यायलेल्या पुरुषाला पुष्कळ सूट देतो, 'शुद्धीत नव्हता, सोडून द्या' असे म्हणतो, आणि या सवलतीची जाणीव पहिल्या घोटाबरोबरच आत उतरते. कायदा ही सूट देत नाही. स्वतःहून केलेली नशा हा गुन्ह्याचा बचाव सर्वसाधारणपणे ठरत नाही, हे तत्त्व जुन्या दंडसंहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत होते आणि भारतीय न्याय संहितेच्या २३ आणि २४ या कलमांत ते कायम आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना मी हे आवर्जून सांगतो, कारण 'तो वाईट नाही, दारू वाईट आहे' या समजुतीवर त्यांनी अनेक वर्षे काढलेली असतात.

आता खऱ्या स्वभावाचा प्रश्न. पार्टीत तुम्ही जे गाणे म्हटले ते तुम्हाला आधीपासून येत होते. जो विनोद केला तो तुमच्याच डोक्यातून आला. वरिष्ठांशी ज्या विषयावर बोललात त्याची माहिती तुमच्याकडेच होती. दारू कोणालाही गाणे शिकवत नाही. म्हणून त्या मोकळ्या माणसाला परका मानण्याचे कारण नाही आणि त्याच्यावर दारूचा हक्कही नाही. पण याचा अर्थ गप्प राहणारा, बोलण्याआधी विचार करणारा माणूस खोटा असाही होत नाही. तोलून बोलणे, समोरच्याला काय वाटेल याचा विचार करणे हाही तुमचाच स्वभाव आहे, आणि पुष्कळदा तो तुमच्या चांगुलपणाचा भाग आहे. प्यायल्यावर जे तोंडातून बाहेर पडते तेच मनातले खरे, हा समज मला घातक वाटतो. क्षणभर मनात येणे आणि तसे मनापासून वाटणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर राखणारा विचार त्या वेळी मंदावलेला असतो.

दारूची जमेची बाजू लपवून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातील मायकेल सेयेट आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७२० अनोळखी व्यक्तींना तिघातिघांच्या गटांत एका टेबलाभोवती बसवले होते. मध्यम प्रमाणात दारू मिळालेल्या गटांत तिघे एकाच वेळी मनापासून हसण्याचे प्रसंग अधिक आले, तिघांनीही संभाषणात भाग घेण्याचे प्रमाण अधिक राहिले आणि एकमेकांविषयी जवळीकही अधिक वाटली. दारूने बैठक रंगते हा अनुभव निराधार नाही. पण ही सगळी एरवीही अधूनमधून पिणारी माणसे होती, प्रयोगशाळेत मोजून दिलेली दारू पीत होती, आणि त्यांना आणखी घ्या म्हणून आग्रह करणारे तिथे कोणी नव्हते. ज्याला भीती घालवण्यासाठी दारू लागते, त्याच्या संध्याकाळचा शेवट सहसा इतक्या मोजक्या ठिकाणी होत नाही.

याचे कारण दारूच्या परिणामाला दोन टप्पे असतात. रक्तातली पातळी चढत असताना उत्साह येतो, बोलावेसे वाटते. ती उतरू लागली की मरगळ, चिडचिड आणि झोप येते. पहिल्या टप्प्यातले हलकेपण टिकवण्यासाठी माणूस आणखी एक पेग घेतो, पण त्याने उत्साह परत येत नाही, केवळ मद्यार्क साचत जातो. मग उच्चार अडखळतात, समोरच्याच्या चेहऱ्यावरची नाराजी वाचता येत नाही, आणि एखाद्या सहकारी स्त्रीने सौजन्याने दिलेले हसू संमती समजले जाते. पातळी आणखी वर गेली की हिप्पोकॅम्पस या भागात नवी आठवण नोंदली जाणेच थांबते. माणूस चालतो, बोलतो, वाद घालतो आणि सकाळी त्याला त्यातले काहीच आठवत नाही. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ साली नोंदवलेली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे: रक्तातली पातळी तेवढीच असली तरी चढतीच्या वेळी माणूस जितका झिंगलेला असतो तितका उतरतीच्या वेळी दिसत नाही. उतरली असे वाटते, पण ती पुरती उतरलेली नसते, आणि गाडीची किल्ली नेमकी याच वेळी हातात येते. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा आहे. ७० किलो वजनाच्या पुरुषाने उपाशीपोटी झटपट घेतलेले दोन लहान पेग त्याला या मर्यादेपर्यंत नेऊ शकतात.

आता मूळ मुद्दा. भीती टिकाऊपणे कमी होते ती मुख्यतः एकाच मार्गाने: भीतीदायक प्रसंगात जायचे, तिथे थांबायचे, आणि ज्या अनर्थाची धास्ती होती तो घडत नाही हे मेंदूला स्वतः पाहू द्यायचे. तुम्ही दारू न घेता वरिष्ठांशी पाच मिनिटे बोललात, दोनदा अडखळलात आणि तरीही ते शांतपणे ऐकत राहिले, तर मेंदू एक नवी नोंद करतो. तेच बोलणे दोन पेगनंतर झाले तर नोंद अशी होते की आज वाचलो ते दारूमुळे. यशाचे सगळे श्रेय बाटलीला जाते. ओढवलेले अपयश मात्र तुमच्याच खाती राहते, कारण सकाळी 'काल मी फार बडबड तर केली नाही ना' या विचाराने तुम्ही कालचा प्रत्येक क्षण उगाळत बसता. आमच्या शास्त्रात अशा आधारांना सुरक्षा-वर्तन म्हणतात. नजर टाळणे, पाठ केलेली वाक्ये बोलणे, सतत मोबाइल पाहणे हेही त्यातच येते, आणि दारू हे त्यातले सर्वांत बलवान. खेड्यात मुलाला विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, पण शिकवणारा रोज नजर ठेवून एक दिवस तो डबा सोडतो. दारूचा डबा सोडणारे कोणी नसते आणि दर वर्षी तो थोडा मोठाच करावा लागतो, कारण सवयीने दोन पेगांचा परिणाम कमी होऊन तीन लागू लागतात.

यात दुसऱ्या दिवशीची भर पडते. रात्रभर दारूने दाबून ठेवलेला मेंदू तोल सावरण्यासाठी उलट दिशेने जोर लावतो, आणि दारू उतरल्यावर हा जोर तसाच शिल्लक राहतो. झोप पहाटेच मोडते, हात किंचित थरथरतात, छाती विनाकारण धडधडते. एरवीच चिंतेचा स्वभाव असलेल्या माणसाला ही अवस्था हँगओव्हर म्हणून ओळखू येत नाही. आपली भीती वाढली आहे, आपण आणखी दुबळे झालो आहोत, असाच तिचा अर्थ तो लावतो. पुढच्या कार्यक्रमाचे आमंत्रण येते तेव्हा त्याला दारूची गरज पहिल्यापेक्षा अधिक भासते. मी ज्यांना उपचार देतो त्यांतील अनेकांचा प्रवास असा महाविद्यालयाच्या गॅदरिंगच्या रात्री सुरू झालेला असतो. पुढे लग्न-मुंजी, मग ऑफिसच्या पार्ट्या, मग महत्त्वाच्या मीटिंगआधी घेतलेला एखादा घोट, आणि शेवटी साधा फोन करण्याआधीचा घोट. यांतल्या कोणत्याही पायरीवर त्याला कोणी दारुडा म्हटलेले नसते.

तुमच्या वर्णनावरून तुम्हाला सामाजिक भयविकार असण्याची शक्यता मला गंभीरपणे घ्यावीशी वाटते. निदान अर्थातच प्रत्यक्ष तपासणीनंतरच करता येते. बुजरेपणा हा स्वभाव आहे आणि त्याला उपचारांची गरज नसते. पण लोक आपल्याला पारखत आहेत या भीतीने तुम्ही बढतीची संधी सोडत असाल, लोकांसमोर जेवताना किंवा सही करताना हात थरथरत असेल, एका कार्यक्रमाची धास्ती आठवडाभर आधी सुरू होत असेल आणि हे कित्येक महिने चालू असेल, तर तो विकार असू शकतो. बहुतेकांत तो विशीच्या आत, म्हणजे सहसा दारूच्या आधीच सुरू होतो. त्यावर परिणामकारक उपचार आहेत, ही गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण पंधरा-वीस वर्षे हा त्रास सोसलेली माणसे तो आपला स्वभावच आहे असे धरून चालतात.

पहिला उपचार म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार. साधारण १२ ते १६ आठवडे, आठवड्याला एक बैठक, असे त्याचे स्वरूप असते. त्यात भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करतात आणि खालून सुरुवात करतात: दुकानदाराला वस्तू बदलून मागणे, सोसायटीच्या सभेत एक प्रश्न विचारणे, जेवणाच्या सुट्टीत अनोळखी सहकाऱ्याच्या टेबलावर बसणे, टीमच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये सर्वांत आधी बोलणे. प्रत्येक पायरीवर लक्ष स्वतःच्या धडधडीवरून काढून समोरच्या माणसावर आणि त्याच्या बोलण्यावर नेण्याचा सराव असतो. दारू लक्षाची कक्षा जबरदस्तीने आखूड करून जे साधते, ते इथे लक्ष स्वतः वळवून साधायचे असते. फरक इतकाच की ही हातोटी सकाळी उतरून जात नाही. बोलतानाचा स्वतःचा व्हिडिओ पाहणे हाही उपचाराचा भाग आहे. आपली थरथर आपल्याला वाटते त्याच्या निम्मीही दिसत नाही हे पाहून बहुतेक जण थक्क होतात.

दुसरा उपचार औषधांचा. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या एसएसआरआय गटातील औषधांना परिणाम दाखवायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, आणि त्यांची सवय लागत नाही. ती थांबवताना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवावी लागतात. चिंता झटपट शमवणाऱ्या अल्प्राझोलमसारख्या गोळ्या मित्राच्या सल्ल्याने घेऊ नका आणि दारूबरोबर तर कधीच घेऊ नका. दोन्हींचा परिणाम मेंदूत एकाच दिशेने होतो आणि दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतात. आणखी एक सूचना: भीतीवर उपचार केले म्हणजे पिणे आपोआप सुटते असे समजू नका. दोन्ही असलेल्या रुग्णांवरील अभ्यासांत पॅरोक्सेटिन या एसएसआरआय औषधाने भीती कमी झाली, पण एकूण पिण्याचे प्रमाण त्यामुळे आपोआप खाली आले नाही. दारूवर स्वतंत्र काम करावे लागते, आणि ते दोन्ही एकाच वेळी सुरू करणे सर्वांत चांगले.

आपले पिणे कुठे आहे हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही १० प्रश्नांची चाचणी आहे. तीत ८ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या हद्दीत आहे असे मानतात. मदत मोठ्या रुग्णालयातच मिळते असेही नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने सर्वसामान्य व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, आणि तो २०१७ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार बैठका दिल्यावर तीन महिन्यांनी ३६ टक्के जण धोक्याच्या हद्दीबाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २६ टक्के होते. अगदी थोड्या पण योग्य संभाषणाने एवढे होऊ शकते. महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण हे केंद्र १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करत आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांचा स्वमदत गट असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभा अनेक गावांत भरतात, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ तसेच व्यसनमुक्तीच्या १४४४६ या क्रमांकांवर सुरुवातीचा सल्ला विनामूल्य मिळतो. जे रोज पितात आणि सकाळी ज्यांचे हात थरथरतात, त्यांनी मात्र मनाच्या निश्चयावर दारू एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर दोन-तीन दिवसांत झटके किंवा जीवघेणा भ्रम होऊ शकतो, म्हणून अशा वेळी ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे की पुढच्या महिन्यात परदेशी ग्राहकांसमोर तुम्हाला सादरीकरण करायचे आहे आणि एका मित्राने त्याआधी 'थोडीशी' घेण्याचा सल्ला दिला आहे. तो सल्ला मानू नका. त्या दिवशी वाचलात तर पुढच्या प्रत्येक सादरीकरणाआधी ती थोडीशी लागेल. त्याऐवजी आजपासून आठवड्यातून दोनदा दोन-तीन सहकाऱ्यांसमोर तेच सादरीकरण उभे राहून करा, पहिली चार वाक्ये सोडून बाकी काही पाठ करू नका, आदल्या रात्री पूर्ण झोप घ्या आणि चहा-कॉफी बेताने घ्या. बोलताना धडधड होईल. ती थांबण्याची वाट न पाहता बोलणे चालू ठेवा. बहुधा काही मिनिटांत ती आपोआप ओसरू लागेल. सभा सुरू होण्याआधी एका वहीत लिहा की काय बिघडेल असे वाटते, आणि संपल्यावर त्याच पानावर लिहा की प्रत्यक्ष काय झाले. दरम्यान जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांची किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची वेळ घ्या, पहिल्या भेटीला ती वही सोबत न्या, आणि आठवड्यात किती मिलिलिटर पिता हा आकडा त्यांना कमी न करता सांगा.